पडद्यावरचा हैदराबादचा पाऊस

मी ती शाळा सोडून बरीच वर्षं झाली. तरी फोनवर हवामान बघायला घेतलं की माझं बोट आधी हैदराबादवर जातं. तिथं माझं कोणीही नाही.

मला यादी केल्याशिवाय काम सुचत नाही. त्यामुळे यवतमाळच्या शिक्षण कचेरीतून शाळेत भरायला एक तक्ता आला तेव्हा मी खूश झाले. हवामानाची एक वेबसाइट सातवीच्या भूगोलाला चालेल का, ते पोळ्याच्या आत कळवायचं होतं. भाषा कशी, चित्रं कळतात का, माहिती खरी ठरते का, मुलांना उपयोग काय, असे रकाने होते.

शाळा केळापूरजवळच्या खेड्यात. संगणक एकच, तोही मुख्याध्यापकांच्या खोलीत. दर शुक्रवारी मी पाच-पाच मुलांची पाळी लावली. वेबसाइट इंग्रजीत, आणि आमचं गाव तिच्यात नव्हतंच. जवळचं म्हणून नागपूर बघायचं. मी फळ्यावर अर्थ लिहून दिले: सूर्य म्हणजे ऊन, ढग म्हणजे आभाळ, ढगाखाली थेंब म्हणजे पाऊस. काम सुटसुटीत झालं असं वाटलं.

दुसऱ्या शुक्रवारी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हैद्राबादचं पाहा नं."

"इथं पऱ्हाटी सुकून राह्यली अन् हिले हैद्राबादचा पाऊस पाह्यजे!" मागून एकानं टोमणा मारला.

"तुले काय करायचं हाय? माहे बाबा हायत तिथं."

त्या वर्षांत पऱ्हाटीवर, म्हणजे कापसावर, घर चालेनासं झालं होतं. तिचे वडील शेत बायकोवर सोपवून उन्हाळ्यातच हैदराबादला बांधकामावर गेले, ते आले नव्हते. पाऊस लागला की बांधकाम थांबतं आणि माणसं घरी येतात, असं तिनं मनाशी धरलं होतं. मी हैदराबाद काढलं. शनिवार, रविवार, सोमवार, तिन्ही दिवस थेंब. तिनं ते वहीत उतरवून घेतलं आणि मी तिला शाबासकी दिली.

सोमवारी ती शाळेत नव्हती. मंगळवारी तिची आईच तिला सोडायला आली. मायलेकी आदल्या दिवशी निंदण सोडून पांढरकवड्याच्या बसस्टँडवर बसल्या होत्या. हैदराबादहून आदिलाबादमार्गे येणारी एकेक गाडी पाहत, अंधार पडेपर्यंत.

"तुमच्या त्या मशीनले सांगा मॅडम, आमाले उगाच स्टँडवर नोको बसवू," आई हसत म्हणाली.

मला हसता आलं नाही. माझे यजमान तेव्हा उमरखेडला नोकरीत होते आणि मी इकडे. बदलीच्या अर्जाचं काय झालं ते विचारायला मी दर महिन्याला यवतमाळच्या कचेरीत जायची. वाट बघणारं माणूस कशाकशावर भरवसा ठेवतं, ते मला कळायला हवं होतं. थेंब म्हणजे पाऊस येऊ शकतो, येईलच असं नाही, हे मी शिकवलंच नव्हतं. फळा पुसून नव्यानं लिहिलं.

"मंग ते पाहून फायदा काय?" त्या मुलीनं विचारलं.

"छत्री न्यायची का ते ठरवता येतं."

"छत्री हाय कोनाजवळ?" दुसरी म्हणाली, आणि वर्ग खिदळला.

तक्त्यात मी 'शिफारस आहे' लिहिलं; खाली अट घातली, आधी 'शक्यता' शिकवावी.

पोळ्याला तिचे वडील आले. पाऊस-ऊन न पाहता, बैलांसाठी. बैल रंगवून शाळेवरून नेताना ते थांबले. लेकीनं त्यांना सगळं सांगितलं होतं.

"पावसात काम बंद नाही राहत, मॅडम. पानी आलं का ठेकेदार आतलं प्लास्टर करायले लावते. झोप तेवढी बंद. आमच्या तिथल्या झोपडीचा पत्रा गळते नं."

मुलगी बैलाचा कासरा धरून ऐकत होती. दोन दिवसांनी ते परत गेले.

पुढच्या शुक्रवारी तिची पाळी नव्हती, तरी ती दारात येऊन उभी राहिली.

"हैदराबाद काढू?" मी विचारलं.

तिनं होकारार्थी मान हलवली. पान सावकाश उघडत होतं. आधी शहराचं नाव, मग वार, मग एकेक चित्र.

"थेंब नसले पाह्यजे," ती पुटपुटली.

पहिल्या दोन दिवसांखाली सूर्य आला. तिसरा चौकोन अजून कोराच होता. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत उभ्या राहिलो.