तबला धरणारा पाय
गाडी दोन तास उशिरा बंगळूरला पोहोचली, तोवर माझा जीव टांगणीला लागला होता. माझा थोरला भाऊ, दादा, मिरजेत तबले मढवतो. अपघातात गुडघ्याखालचा डावा पाय गेला आणि सहा महिने तो घरात नुसता बसून होता. कामाला लागला नाही तर हा माणूस खचणार, हे मला दिसत होतं. इंदिरानगरातल्या एका केंद्रात त्याला पाय बसवून घ्यायचा होता.

उतरलो बनशंकरीत, लांबच्या नात्यातल्या अक्कांकडे. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या इथलंच. "स्वल्प (थोडं) तूप घे की," म्हणत त्यांनी बिसिबेळे भात (डाळ-तांदळाची मसालेदार खिचडी) वाढला. मला घास उतरेना. दादा मात्र दोनदा मागून जेवला.

केंद्रात पाय करणारे चंद्रण्णाही जुन्या मराठी घरातले. त्यांनी फॉर्म पुढे ओढून विचारलं, "हे काम काय करतात?"

"दुकान आहे," मी घाईने सांगून टाकलं. तबला पायात धरून मढवतात, हे ऐकून परका माणूस नाक मुरडेल असं वाटलं. सांगायला पुढे झुकलेला दादा पुन्हा मागे टेकला.

चौथ्या दिवशी पाय मिळाला. बूट घालून दादा व्हरांड्यात ताठ चालला आणि मला रडूच आलं. घरी येताच त्याने अक्कांचा ढिला तबला पुढ्यात घेतला. वादी (चामड्याची पट्टी) ओढायची तर तबला दोन्ही तळपायांत दाबून धरावा लागतो. गुडघा पुरता वाकेना. बूट सटकला आणि तबला गडगडत भिंतीला आपटला.

"बाजारात जाईन गं या पायाने," दादा म्हणाला. "दुकानात बसून काय करू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सकाळी तबला घेऊन आम्ही रिक्षाने पुन्हा केंद्रात. मी सगळं कबूल केलं.

"सरी (बरं)," चंद्रण्णा म्हणाले. "चूक माझी पण आहे. विचारायचं ते ह्यांनाच विचारायचं होतं. अण्णा, बसून दाखवा की."

दादाने दाखवलं. चंद्रण्णांनी जमिनीवर आडवं होऊन पाहिलं, मग साच्याची (उरलेला पाय बसतो त्या खोबणीची) मागची कड घासली, बूट काढून टाकला, तळव्याला चामडं लावलं. आम्ही परतीचं रिझर्व्हेशन रद्द केलं. तिसऱ्या दिवशी वादी ताणली गेली. दादाने तबल्यावर थाप मारली, कान लावला आणि नेहमीसारखा त्याला नमस्कार केला.

सहा महिने दादाच्या वतीने मीच बोलत आले होते आणि त्यालाच सेवा म्हणत होते.

मिरज स्टेशनवर शेजारचे काका भेटले. "काय गं, चालतो का आता हा?" त्यांनी मला विचारलं.

मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"उद्या दुकानात या," दादा म्हणाला.