मैत्रिणीच्या पिस्तुलाची मूठ

चिखलीच्या बाहेर, कापसाच्या जिनिंगच्या मागे, एका निवृत्त सुभेदारांची पत्र्याची लांबट शेड आहे. तिथे आम्ही सहा-सात जण दहा मीटरवर एअर पिस्तूल चालवायचो. मी शाळेत शिक्षिका, वय छत्तीस. माझी मैत्रीण अमडापूरची, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली, माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान. आमच्यात स्पर्धेचं म्हणावं असं पिस्तूल तिच्याकडेच होतं. बाकी आम्ही शेडमधल्या जुन्या पिस्तुलांवर भागवायचो.

लग्न होऊन ती साखरखेर्ड्याला गेली, तेव्हा पिस्तुलाची पेटी माझ्या हातात देऊन म्हणाली, "तू चालव. पडून राह्यलं तर खराब होईन. मी आली की पाहू."

पहिले काही महिने मी हवेत होते. मग माझे छर्रे खाली-डावीकडे जायला लागले. कागद जवळ आणून पाहिला की काळ्या गोलाच्या त्याच कोपऱ्यात भोकांचा पुंजका. मी नेम धरायची माशी सरकवली, उभं राहणं बदललं, श्वास बदलला. दोन दिवस बरं जायचं आणि पुन्हा तेच. हळूहळू मला पिस्तुलाचा राग यायला लागला. चाप जड वाटायचा. लाकडी मूठ तळव्यात टोचायची. ती मूठ मैत्रिणीच्या हाताच्या मापाने कोरून घेतलेली होती आणि अंगठ्याखालचा उंचवटा माझ्या हाताला नको तिथे लागायचा.

मी सुभेदारकाकांना विचारलं, याचं काय काय करता येईल?

त्यांनी बाकावर पिस्तूल ठेवून शांतपणे सांगितलं. "पयले छर्रे बदलून पाह्य. दोन-तीन जातीचे आण, मी पिस्तूल शिकंज्यात आवळून मारून दाखवतो, कोणता एका भोकात जाते ते. मंग चाप. स्क्रू हाये, पण पाचशे ग्रॅमच्या खाली नेला तर स्पर्धेत वजन लावतात, तिथंच बाद होशीन. मुठीले शेवटी हात लाव. अन् थे बी तिले इचारून. लाकूड काढलं की काढलं."

शिकंजा त्यांच्या शेतावर होता. पुढच्या आठवड्यात आणतो म्हणाले.

मला आठवडा धरवला नाही. रविवारी दुपारी गच्चीवर बसून मी मूठ सोडवली, कानस घेतली आणि तो उंचवटा घासायला सुरुवात केली. फोन शेजारीच होता. विचारावं असं एकदा मनात आलंही, पण ती नको म्हणाली तर, या भीतीने मी तो उचलला नाही. थोडं घासायचं, हातात धरून पाहायचं, पुन्हा घासायचं. असं करत तळव्याकडची बाजूही बरीच उतरवली. मग पॉलिश पेपर फिरवला आणि जवसाचं तेल चोळलं. तासाभराने नवं लाकूड कुठलं आणि जुनं कुठलं, ते ओळखू येईना. काम चांगलं झालं याचा मला आनंद झाला होता, हे सांगायला आज लाज वाटते.

सुभेदारकाकांनी मूठ हातात घेताच ओळखलं. "तिले इचारलं होतं ना?"

"हाव," मी म्हणाले.

त्यांनी शेतावरून आणलेला शिकंजा टेबलाला ठोकला, मूठ काढून पिस्तूल त्यात आवळलं आणि तीन डब्यांतले पाच-पाच छर्रे मारले. मी तोवर वापरत होते तेच छर्रे सगळ्यात चांगले निघाले. पाचही एका भोकात. कागद माझ्या हातात देत ते म्हणाले, "पिस्तुलात काही नाही. तू चाप दाबताना मनगट मोडते. चाप बोटानं दाब, अख्ख्या हातानं नाही."

म्हणजे मूठ घासायची गरजच नव्हती. त्या दिवसापासून मी मनगटावर काम केलं आणि माझे गुण खरंच सुधारले. पण पेटी उघडली की मी मुठीकडे न पाहता पिस्तूल उचलायचे.

पुढे दोनेक वर्षांनी मैत्रिणीचा फोन आला. मुलगी दोन वर्षांची झाली होती आणि दर गुरुवारी तिचा नवरा चिखलीला माल घेऊन यायचा. "मी बी येते त्याच्यासंगं," ती म्हणाली. "पोरीले सासूबाई पाहतात. मले पुन्हा चालू कराचं हाये."

सुभेदारकाका तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे गेले होते आणि शेडची किल्ली माझ्याकडे होती. ती आली, पेटीकडे पाहून हसली, पिस्तूल उचललं. हात पुढे केला आणि मग खाली घेतला. मूठ पुन्हा धरली, पुन्हा सोडली.

"ढिली लागते वं," ती म्हणाली.

तेव्हाच सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हणाले, "तीन वर्सं झाले. हात इसरला असंन."

तिने स्वतःचा तळवा उलटसुलट करून पाहिला. मिरची तोडून बोटांच्या कडा काळसर झाल्या होत्या. "बाळंतपणात लई वाळली होती मी. हातबी उतरला वाटते," ती म्हणाली. मी मान हलवली.

ती तीन गुरुवार आली. दर वेळी मुठीला वेगवेगळ्या तऱ्हेने धरायची, मध्येच रुमाल गुंडाळून पाहायची. छर्रे कागदभर विखुरलेले असायचे. मी शेजारच्या जागेवर शेडचं जुनं पिस्तूल घेऊन उभी राहायचे आणि तिच्या कागदाकडे पाहणं टाळायचे. चौथ्या गुरुवारी ती आली नाही. संध्याकाळी मी फोन केला.

"थे पिस्तूल तूच ठेव आता," ती म्हणाली. "माहा हात गेला. तुह्या हातात चांगलं चालते. मी काही रागानं नाही म्हणून राह्यली."

मी फोन ठेवला. हवं होतं तेच मला मिळालं होतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पेटी पिशवीत घालून मी साखरखेर्ड्याची बस धरली. ती अंगणात वाळल्या मिरचीचे देठ खुडत बसली होती. तिच्या सासूबाईंनी मला पाणी दिलं आणि चहा ठेवायला आत गेल्या. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं एका दमात सांगितलं. गच्ची, कानस, तेल, सुभेदारकाकांशी बोललेलं खोटं.

तिचे हात थांबले नाहीत. खुडता खुडता म्हणाली, "मूठ घासली त्याचं मी समजू शकते. मीबी घासली असती."

मी पिशवीतून पेटी काढून तिच्यासमोर ठेवली.

"पण तीन गुरवार मी माह्या हाताले दोष देत होती. घरी येऊन रडली. नवऱ्यालेबी म्हटलं, माहं काही राह्यलं नाही आता. अन् तू बाजूले उभी राहून पाहत होती. काऊन वं?"

पिस्तूल हातचं जाईल म्हणून, हे खरं उत्तर होतं. तेही मी सांगितलं. तेव्हा मात्र तिचे हात थांबले. सासूबाई चहा घेऊन आल्या. निघताना तिने पेटी उचलून घरात नेली आणि परत बाहेर आली नाही.

दीड महिना फोन नाही, काही नाही. मग एका गुरुवारी ती शेडमध्ये आली. गावातल्या सुताराकडून तिने मुठीवर सागाचे दोन तुकडे चिकटवून कोरून घेतले होते. गडद लाकडावर ते फिके तुकडे ठिगळासारखे दिसत होते. सुभेदारकाका परतले होते. त्यांनी मूठ पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि कागद लावायला गेले. माझं तेव्हाचं 'हाव' खोटं होतं, हे त्यांना कळलं होतं.

ती आता नियमित येते. गेल्या निवड चाचणीत तिचे गुण माझ्याहून चांगले आले. मी शेडच्या जुन्या पिस्तुलावर आहे आणि त्याच्याबद्दल तक्रार करत नाही. आमचं बोलणं सुरू आहे. शाळेचं, तिच्या पोरीचं, मिरचीच्या भावाचं. पण सराव संपला की ती पिस्तूल स्वतः पुसते, पेटी बंद करते आणि सोबत घेऊन जाते. पूर्वी ते माझ्याकडे सोपवून ती पाणी प्यायला जायची. एकदा मी सवयीने हात पुढे केला होता. "राहू दे, मी ठेवते," ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात.