दुकानाच्या पायरीवर दोन मोबाईल

बायकोसंग शेवटचं साधं काम केलं ते हेच, राजुऱ्याले जाऊन तिचा मोबाईल दुरुस्तीतून आणला. धानाच्या रोवणीत तिनं तो कमरेले खोचला होता, दिवसभर वाकून वाकून वरची काच तडकली. आतला पडदा ठणठणीत होता. दुकानदार म्हणाला, आई, एकदम पहिल्यासारखा करून देल्ला. तिनं भर उन्हात पाहिला, पदरानं पुसला. स्टँडवर आम्ही आलुबोंडे खाल्ले. त्याच संध्याकाळी तिच्या छातीत कळ आली, दवाखान्याची गाडी येईस्तोवर ती गेली.

मोबाईल पोरीनं देल्ला होता, महागातला. पोरगी नागपूरले प्रयोगशाळेत असते, मोबाईलच्या पडद्यात लावाचा माल बनवते. लिक्विड क्रिस्टल म्हणतात त्याले. मले बायकोनंच समजावलं होतं. ते पाण्यासारखं वाहते, पण त्याचे कण दोरी धरून रोवलेल्या धानाच्या पऱ्ह्यांसारखे रांगेत राह्यतात. आताच्या महाग पडद्यातले कण स्वतःच पेटतात, पण रांग नाई, उजेड कसाबी निंघते, अन् उन्हाची चमक अडवाले वर लावलेली पट्टी त्यातला अर्धा खाते. पोरीले रांगेत राहून पेटणारे कण बनवाचे आहेत.

बांधीत रोवणाऱ्या बाया हिले चिडवत, "तुही पोर उजेडाची रोवणी करून राह्यली का वं?"

ही म्हणे, "हो, अन् तुमच्यापेक्षा सरळ."

तेरवी झाल्यावर पोरीनं एकच फोटो दोन्ही मोबाईलात लावला. आई दारात उभी, मागं घरातला अंधार. पोरीच्या मोबाईलात अंधार काळा कुळकुळीत, आईचा चेहरा पुढं आलेला. आईच्या मोबाईलात तोच अंधार राखेसारखा. चेहऱ्यावरही राख.

पोरीनं दोन्ही मोबाईल जोडून धरले. मग म्हणाली, "बाबा, हा आईचा पडदा नाई. यातही लिक्विड क्रिस्टल आहे, पण ते पेटत नाई. मागं दिवा असते, तो काळ्यातूनही गळते. आईचा स्वतः पेटणारा चांगला पडदा त्या दुकानदारानं काढून घेतला."

जाऊ द्या म्हणाली. मी जाऊ देणाऱ्यातला नाई. तोंडानं आई म्हणाचं अन् हातानं लुटाचं. त्याचं दुकान जळावं असं वाटलं. पण जळलं असतं तर लोकांनी त्याचीच कीव केली असती, अन् त्याच्या वाट्याले मले कीव येऊ द्याची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीचाही मोबाईल मागून घेतला, बसनं राजुऱ्याले गेलो अन् त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसलो. तो म्हणाला, बाबा, आत या, चहा घ्या.

"चहा नाई पाह्यजे. तिचा पडदा दे."

त्यानं आधी नाई नाई केलं. मग हळूच म्हणाला, तो दुसऱ्याच्या मोबाईलले लागला, आता कुठून आणू.

"मंग मी इथीच बसतो."

पहिलं गिऱ्हाईक आलं. त्याच्या हातात दोन्ही मोबाईल देल्ले, म्हटलं, ही माही बायको, यानं तिच्या मोबाईलचा पडदा बदलला, आता फरक पाहा. त्यानं पाहिलं, दुकानदाराकडं पाहिलं, आपला फुटका मोबाईल खिशात टाकून चालला गेला. दुकानदारानं हात जोडले. मी दोन्ही मोबाईल धोतराले पुसले अन् रस्त्यावर कोण येते ते पाहात बसलो.