धसईच्या अंगणात जपानी वाडगा

निघायचा वार ठरवायलाच वेळ लागला. सोमवार शंकराचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. शुक्रवारी लेकीचा उपास आणि रविवारी तिच्याकडे पाव्हण्यांची रांग. उरला बुधवार. तो मी डुकराला देऊन टाकला आणि सकाळी वाशिंदच्या नाक्यावर शहापूरच्या रिक्षात जाऊन बसले. पिशवीत माझी जुनी कढई होती, तिच्यावर बसणारं झाकण होतं, चार वाडगे होते. आठवडाभर पाठ केलेलं एक नावही सोबत होतं : कात्सुदोन. म्हणजे डुकराच्या मांसाचा पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेला तुकडा, कांदा-अंड्याच्या रश्शात टाकून गरम भातावर ओतलेला.

कारण सांगते. धसईत माझी लेक सुनंदा दिली आहे. तिची लेक रूपाली. पोरीनं नर्सिंग केलं, कल्याणला जाऊन-येऊन जपानी भाषा शिकली, आणि तिकडच्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायची नोकरी तिला लागली. रविवारपर्यंत येते की नाही ते कळवायचं होतं. पण सुनंदा हो म्हणेना. "तिकडे डुक्कर खातात. पोर उपाशी मरंल माझी." एवढंच तिचं पालुपद. आणि रूपालीचा हट्ट असा की, आई रडत असताना मी विमानात बसणार नाही.

मी फोनवर सुनंदाला म्हटलं, "तो पदार्थ मी तुझ्याकडे येऊन करते. पोरीनं तुझ्यासमोर बसून खाल्ला तर तिकडेही खाईल. नाही उतरला घशाखाली, तर मीच तिला सांगेन, बाई, राहा घरी."

ती म्हणाली, "घरात नाय. अंगणात. आणि माझं एक भांडं लावायचं नाय."

म्हणून कढई माझी.

माझ्या धीटपणाचं कौतुक करू नका. विशीतल्या मला हा बेत कळला असता तर पहिली बोंब मीच ठोकली असती. खर्डीहून लग्न होऊन वाशिंदला आले तेव्हा मी इतकी सोवळी होते की शेजारणीच्या उकिरड्यावर अंड्याचं टरफल दिसलं तरी पदर नाकाला लावून लांबून जायची. पुढे ह्याच सोवळ्या बाईनं, म्हणजे मीच, कारखान्यातल्या कामगारांसाठी खानावळ घातली आणि अंडाकरीवर घर चालवलं. त्या नव्या नवरीला आज कुठे गाठता आलं असतं तर कढई घासायला बसवलं असतं.

शहापूरला उतरले तेव्हा माहुलीचे सुळके धुक्यातून नुकते बाहेर येत होते. तिथून किन्हवलीच्या रस्त्याला एक डुक्करपालनाचं शेड आहे असं ऐकलं होतं. रिक्षावाल्यानं फाट्यावर सोडलं. दोन्ही बाजूंनी भाताची कापणी झालेली शेतं, ओल धरून असलेल्या खाचरांत वाल पेरलेला. वास आला तशी वाट आपोआप सापडली.

शेडचा मालक पाण्याची नळी धरून उभा होता. गुलाबी, लठ्ठ, कानांनी डोळे झाकलेली डुकरं. त्यानं मला पाहिलं आणि नळी न सोडताच म्हणाला, "आजी, कोंबड्या पुढल्या फार्मवर."

"मला डुक्करच पाहिजे."

त्यानं नळी बंद केली. "कोणासाठी?"

"माझ्यासाठी. कमरेकडचा भाग दे. बोटभर जाड तुकडे कर, आणि चरबीची कड काढू नको."

"आजी, हॉटेलात काम केलंत काय?"

"हॉटेल माझंच होतं. म्हणजे खानावळ. तिथं हे सोडून सगळं होतं."

तो हसला. आत जाऊन शीतपेटीतले तुकडे घेऊन आला, बर्फ घालून थर्माकोलच्या खोक्यात बांधले आणि वर एक तुकडा जास्तीचा टाकला. "पहिला बिघडतो," म्हणाला. हे वाक्य मी हसण्यावारी नेलं. माझा पहिला काही बिघडत नाही, असं मनात म्हटलंसुद्धा.

मुरबाडची एस.टी. मिळाली. खोकं मांडीवर. किन्हवलीला एक बाई चढल्या, शेजारी बसल्या आणि प्रसादाची पिशवी खुशाल माझ्या खोक्यावर ठेवू लागल्या. मी त्यांचा हात धरला.

"ताई, देवाचं ह्याच्यावर नको."

"का हो? मासे हायत?"

"माशांचा लांबचा भाऊ."

बाईंनी पिशवी उचलून छातीशी धरली आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग हळूच विचारलं, "मटण?" मी मान हलवली, ती हो की नाही ते माझं मलाही ठाऊक नाही. मुरबाड येईपर्यंत आम्ही दोघी वालाला यंदा कीड आहे की नाही यावर बोललो. उतरताना त्यांनी मला प्रसाद दिला. तो मी आधी खाल्ला, मग खोकं उचललं.

मुरबाडात तीन कामं होती. पहिलं, कालचा पाव. बेकरीवाला ताजा पुढे करत होता, मी शिळा मागत होते. त्याला वाटलं म्हातारी गरीब आहे, आणि त्यानं दोन पाव वर घातले. दुसरं, सुकी मांदेली. जपानी लोक रश्शासाठी सुक्या माशाचं पाणी काढतात असं रूपालीनं सांगितलं होतं. ते ऐकल्यावर मला त्या देशाबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. सुकी मासळी घेऊन बसलेल्या बाईला मी म्हटलं, "डोकी काढून दे. पाणी कडू होतं." तर ती म्हणाली, "मला शिकवतंस व्हय गो म्हातारे?" आणि काढून दिली.

तिसरं, सोया सॉस. चायनीजच्या गाडीवर दुपारची तयारी चालली होती. गाडीवाल्यानं बाटलीतलं थोडं छोट्या बाटलीत ओतून दिलं.

"मंचुरियन करताय काय आजी?"

"नाही. ते तुझ्यापेक्षा चांगलं कोण करील?"

खूश होऊन त्यानं मिरचीचा सॉसही देऊ केला. तो मी घेतला नाही. तांदळाची एक गोडसर दारूही त्या रश्शात घालतात म्हणे. आमच्या भागात दारू हवी तेवढी मिळते, गोडसर मिळत नाही. तिच्या जागी गूळ घालायचं ठरवलं.

धसईच्या बसमधून सह्याद्रीची भिंत जवळ जवळ येत जाते. शेतांत पेंढ्याची उडवी (रचलेल्या गंजी) उभी होती. ऊन तिरपं झालं होतं. स्टॉपवर रूपाली वाट बघत होती. माझ्या हातातलं खोकं तिनं घेतलं आणि चालता चालता एकदम म्हणाली, "आजी, मला खरंच नाय खाता आलं तर?"

"तर नाही खायचं."

"मग आईच बरोबर ठरंल."

"आई बरोबर ठरली तर काय बिघडलं? ती तुझी आई आहे, परीक्षक नाही." 

अंगणात सुनंदानं तीन दगड मांडून ठेवले होते. लाकडंही फोडलेली. विरोध असला तरी चूल कच्ची मांडणं तिला जमत नाही. गावात पूर्वी रानातलं काही आणलं की असंच शिजायचं, बाहेर, वेगळ्या चुलीवर, आणि घरातल्या बाया दारातून नाकं मुरडत चव कशी आहे ते विचारायच्या. सुनंदा ओसरीवर सूप घेऊन बसली होती. पाखडायला सुपात फारसं काही नव्हतं.

"भात मात्र मी करते," ती म्हणाली. "माझ्या दारात आलेल्याला भात मीच वाढणार."

"कर की," मी म्हटलं. इथे मी चुकले, पण ते पुढे.

मांसाचे तुकडे नदीतल्या गोट्यानं ठोकून पसरट केले. मीठ, मिरपूड. पाव किसून चुरा केला. तुकडा आधी पिठात, मग फेटलेल्या अंड्यात, मग चुऱ्यात दाबून उन्हात ठेवलेल्या वाळवणासारखा ताटात मांडला. तेल तापल्यावर एक चुरा टाकून पाहिला. तो लगेच वर येऊन नाचू लागला. तुकडा सोडला. त्या आवाजाला शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या.

"काय गो तळतंस, सुनंदाची आये?"

"जपान," मी म्हटलं.

मांदेलीच्या पाण्यात सोया सॉस आणि गूळ घातला, कांदा मऊ केला, तळलेला तुकडा कापून वर ठेवला, अंडं ओतलं, झाकण. अंडं थरथरतं असतानाच उतरवायचं. सुनंदानं आतून भात आणला. काय भात होता. कोठीतला जुना तांदूळ, पाव्हण्यांसाठी राखलेला, शीत न् शीत मोकळं. मी वाडग्यात भात घेऊन वरून सगळं सरकवलं आणि रूपालीच्या हातात दिलं. तिनं जपानीच्या क्लासमधल्या जेवायच्या दोन काड्या काढल्या.

पहिल्या उचलीत भात गळला. दुसऱ्यात चार शितं आली. रस्सा सगळा भातातून निसटून वाडग्याच्या तळाशी गेला आणि तुकडा वर ओळख नसलेल्या पाव्हण्यासारखा एकटा बसून राहिला. शेवटी तिनं तुकडाच उचलून तोंडात टाकला. नुसता. चावला, आणखी चावला, आणि तिचे डोळे भरून आले. गिळला, पण वाडगा खाली ठेवला.

 सुनंदा उठून काड्या उचलायला लागली, ते मला लागलं.

"आई, थांब," रूपाली म्हणाली. "चव वाईट नाय. पण काहीतरी चुकलंय. भात असा नसतो तिकडे. क्लासच्या बाईंनी एकदा नुसता भात दिलेला, मीठ लावून मुठीत वळलेला. तो सुटा नव्हता. चिकट होता. घासात सगळं धरून ठेवतो तो."

मी कपाळावर हात मारला. पाव शिळा की ताजा, मांदेलीचं डोकं ठेवायचं की काढायचं, सगळ्याची चौकशी मी केली होती. भाताची नव्हती केली. भात काय कोणी आम्हाला शिकवायचा? आणि मग मला हसू फुटलं, ते थांबेचना.

"आये, हसतंस काय?"

"लग्नानंतरचा माझा पहिला भात तुला सांगितला नाही का? नवा तांदूळ, आणि मी पाणी घातलं जुन्याचं, म्हणजे जास्त. वर झाकण ठेवून तोऱ्यात बसले. वाढायला गेले तर गिचका. अख्खा टोप एका डावाला लटकला. तुझ्या आजीनं, माझ्या सासूबाईंनी, त्यातला गोळा घेऊन पंक्तीसमोर म्हटलं, 'पोरांच्या पतंगाला खळ झाली बघा.' मी चार दिवस चुलीजवळ गेले नाही. मला वाटलं होतं, वाशिंदच्या स्टेशनात गाडीत बसून खर्डीला परत जावं, पण वाटेत भूक लागली तर काय खायचं, म्हणून राहिले."

रूपाली हसली. सुनंदाच्या ओठांचा कोपरा हलला. मग ती आत गेली.  बाहेर आली तेव्हा तिच्या सुपात नवा तांदूळ होता, यंदाचा, नुकताच भरडून आणलेला, आणि दुसऱ्या हातात तिचा स्वतःचा टोप.

"भांडं लावायचं नव्हतं ना?" मी म्हटलं.

"भाताला काय विटाळ? गप बस तू." ती चुलीसमोर बसली. तांदूळ धुतला, पाणी घातलं आणि हात थांबला. "मुद्दाम बिघडवायचा म्हंजे कसा?"

"नेहमीची अक्कल वापरू नको. माझी वापर, विशीतली."

तिनं पाणी आणखी ओतलं. भात शिजेपर्यंत ती झाकणाकडे बघत बसली होती, जसं कोणी दुसऱ्याच्या पोराला सांभाळताना बघतं. उतरवला, वाफ जिरू दिली. मी फार्मवाल्याचा जास्तीचा तुकडा तळला, कापून दोन वाडग्यांत घातला, एक रूपालीला, एक मला. पहिला बिघडतो, हे तो मांसाबद्दल म्हणाला होता, पण खरं निघालं ते भाताबद्दल.

ह्या वेळी भातानं रस्सा धरला, अंडं धरलं. रूपालीनं काड्या घातल्या आणि एक आख्खा घास वर आला, भात, कांदा, मांस, सगळं एकत्र. तिनं खाल्ला. दुसरा खाल्ला. मग मान खाली घालून खातच राहिली, ते थेट वाडग्याचा तळ दिसेपर्यंत.

सुनंदा तिच्या तोंडाकडे बघत नव्हती. ती वाडग्याकडे बघत होती.

"तिकडे रोज असाच भात असतो?"

"असाच. बारा महिने."

"म्हंजे बारा महिने नव्याचा." लहानपणी रूपाली नवा तांदूळ आला की दुसरं काही खायची नाही, सुनंदा तिला तूप-मीठ लावून मुटके वळून डब्यात द्यायची. हे मला आठवलं, म्हणजे तिला आठवलंच असणार. "मुठीत वळतात म्हणालीस ना? मीठ लावून?"

"हो."

"कोण वळून देतं?"

"ज्याचं त्यानं वळायचं, आई. पण त्या म्हाताऱ्यांना मी वळून देणार."

सुनंदानं माझ्या हातातला वाडगा घेतला. तुकडा बाजूला सारून कडेचा अंडं लागलेला भात बोटांनी उचलून खाल्ला. जरा विचार केला. "गूळ जास्त झालाय, आये." मग रूपालीला, चुलीतली लाकडं मागे ओढत, "दिवाळीला सोडतील का गो तुला?"

रूपालीनं रिकामा वाडगा पुन्हा भातासाठी पुढे केला. 

दुसऱ्या दिवशी परत निघाले तेव्हा पिशवी जड होती. कढई घासून लख्ख, आणि तिच्यात फडक्यात बांधलेला नवा तांदूळ. सुनंदा म्हणाली, "जुना नाय देत. तुला मोकळा भात लय आवडतो ना, आता खा हा." मुरबाडला चायनीजच्या गाडीवाल्यानं विचारलं, "कसं झालं आजी?" मी सांगितलं, "पोरगी निघाली." त्याला काही कळलं नसेल, पण त्यानं "बरं झालं" म्हटलं.

आयुष्यभर मी भाताची परीक्षा एकाच गोष्टीवर केली : शीत मोकळं आहे की नाही. सुनेचा भात, भाचीचा, खानावळीतल्या बायकांचा. माणसाला बाहेर पाठवायचं तर त्याच्याबरोबर काहीतरी चिकटून जाऊ द्यावं लागतं, हे मला ह्या वयात, आणि तेही तळणीच्या धुरात डोळे चोळताना कळलं.

वाशिंदला पोचल्यावर तो तांदूळ शिजवला, पाणी जुन्याचं घातलं. झाला तसाच, डावाला लटकणारा. एक मुटका वळला, मीठ लावलं आणि भिंतीवरच्या सासूबाईंच्या फोटोसमोर उभी राहून खाल्ला.

"खळ म्हणायची तुम्ही जरा घाई केलीत," मी त्यांना म्हटलं.