बंद म्हणजे चालू

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील, तर आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंचे. वडील भिवंडीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होते. दहावीनंतर मलाही तिथेच लावणार होते. बाई शेलार गावात आमच्या घरी आल्या. आईने चहा टाकला, तर म्हणाल्या, "आधी याच्या कॉलेजचं बोला, मग चहा." आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो त्यांच्या त्या हट्टामुळे.

आता मी कंट्रोल रूममधल्या मोठ्या भिंती आखतो. स्क्रीनला स्क्रीन लावून अख्खी भिंत होते. खुर्ची तिच्यापासून किती लांब, अक्षर केवढं, दोन स्क्रीनमधल्या फटीवर शब्द तुटत नाही ना, हे पाहणं माझं काम.

यंदा अंजूरकडच्या एका गोदाम वसाहतीचं काम मिळालं. तिची स्वतःची वीज यंत्रणा आहे. कुठल्या लाईनमध्ये वीज आहे, ते भिंतीवर दिसतं. खोलीला खिडकी नाही. समोर सगळी वसाहत दिसते, पण बाहेर ऊन आहे की अंधारलंय, ते कळत नाही.

गिऱ्हाइकाला सगळं मराठीत हवं होतं. ऑफिसने भाषांतर करून घेतलं. या धंद्यात वीज चालू असली की चौकोन लाल दाखवतात. त्या लाल चौकोनाखाली आलं 'बंद', आणि हिरव्याखाली 'खुला'. शास्त्राप्रमाणे ते बरोबरच होतं. परिपथ बंद असला की वीज वाहते, खुला झाला की थांबते. बाईंनी तेच शिकवलं होतं. पण भिवंडीत लूम बंद म्हणजे लूम थांबलेला.

फोनवर बसणारे दादा गणेशपुरीचे, नुकतेच लागलेले. दुरुस्तीला हात घालण्याआधी वायरमन त्यांनाच विचारणार. मी सहज विचारलं, "दादा, सात नंबरची लाईन कशी आहे?"

"बंद हाय की. लाल पन झालीय."

"अहो, तिच्यात वीज चालू आहे."

"मंग बंद कशापायी लिवलंय? मस्करी हाय का?"

आमच्या ऑफिसचे साहेब शेवटचा कागद घेऊन आले. मराठी तपासलं म्हणून सही मी करायची होती. "ऑफिसात मराठी मीडियमचा तूच एक," ते म्हणाले.

"साहेब, हे वाचून कुणीतरी जिवंत तारेला हात लावेल."

"पुस्तकात काय आहे?"

"हेच आहे."

"मग चूक काय?"

शब्द चुकीचा म्हटला तर खोटं, बरोबर म्हटला तर सही करावी लागणार. मी 'चालू' आणि 'तोडलेली' असे शब्द सुचवले.

"मंजूर झालेले शब्द एका फोनवाल्यासाठी बदलत नसतात. बाकीचेही असंच वाचतात, याचा पुरावा आण. तोवर इथंच बस आणि प्रत्येक लाईन तूच सांग. नाहीतर दुसरी नोकरी बघ."

घर माझ्या नोकरीवर चालतं. आई शेजारणींना सांगते, मुलगा एसीत बसतो. खरंच बसलेला असतो. फोन वाजला की दादा माझ्याकडे बघतात, मी "चालू" किंवा "तोडलेली" म्हणतो, मग ते बोलतात. "चहा तरी पिऊन या," ते म्हणतात. मी उठत नाही. तेवढ्यात फोन आला तर?

शेवटी मी बाईंना पत्र लिहिलं.

"बाई, नमस्कार.

वीज चालू असलेल्या लाईनखाली 'बंद' लिहिलंय, त्या कागदावर मी सही केलेली नाही. नोकरी अजून आहे, पण या खोलीतून हलता येत नाही. तुम्ही शिकवलेलं बरोबरच आहे, आणि तेच माझ्या अंगावर आलंय. एक काम सांगू का? ज्यांचा हा धडा अजून झाला नाही, त्या वर्गात जा. फळ्यावर लाल चौकोन काढून खाली 'बंद' लिहा. विचारा, ही तार हातात धरायला कोण येईल? किती हात वर होतात, ते शाळेच्या कागदावर लिहून पाठवा. साहेबांना पुरावा हवा आहे. जमेल तितक्या लवकर पाठवा, बाई."