घरून आणलेला नारळ

लग्न झालं आणि कोकणातून थेट मध्यप्रांतात, जबलपूरला आले. यांची नोकरी तोफांच्या कारखान्यात, बिऱ्हाड दीक्षितपुऱ्यात. बोली परकी, पाणी परकं, चूलसुद्धा धड पेटेना. माझ्याशी पहिल्यांदा हसून बोलली ती समोरची दीदी. ती घरी आली तेव्हा मी तिची ओटी भरली. माहेरच्या झाडाचा एकच नारळ उरला होता, तोही हळदकुंकू लावून तिच्या पदरात घातला. आमच्याकडे सवाष्ण अशी रिकामी जात नाही. तिने पदर घट्ट आवळला आणि रडतच घरी गेली.

संध्याकाळी हे म्हणाले, "अगं, इथे फक्त गर्भारशीची ओटी भरतात. तिला तर इतक्या वर्षांत मूल नाही."

"मग आधी सांगायला काय झालं होतं?" मी यांच्यावरच खेकसले.

ती पुन्हा आली नाही. पुढच्या वर्षी मला सातवा महिना लागला. माहेरचं कुणी येणं शक्य नव्हतं. एका दुपारी दीदी आली, "बैठो, बहन" म्हणाली आणि माझी ओटी भरली. नारळ हलका लागला, आत सुका गोटा खुळखुळला. मी लावलेलं कुंकू अजून त्यावर होतं. वर्षभर वाट पाहून तिने तो मला परत केला होता.