मातामायच्या देवळाची फरशी

गेल्या नवरात्रात मी मातामायवर, म्हणजे गावदेवीवर, रुसलो होतो. साकोलीजवळच्या आमच्या गावात तिचं लहानसं देऊळ आहे, आमच्या घराला लागूनच, आणि देऊळ समितीचा सचिव मीच. उभी हयात एसटीत कंडक्टरकी केली, त्यामुळे माणसांना पुढे सरकवायची आणि सगळं वेळेत उरकायची सवय अंगात मुरलेली. देवीचंही सगळं वेळेत करत आलो. तरीही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ही, म्हणजे माझी बायको, परसातल्या ओल्या दगडावर घसरली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, ही घरी आली, वॉकर आला. डॉक्टरांनी सांगितलं, भरपूर पाणी पाजा आणि हळूहळू चालवा. संडास परसाच्या टोकाला, वाटेत दोन उंबरे आणि तोच दगड. दरवेळी मी हिला धरून न्यायचो आणि माझं तोंड काही गप्प बसायचं नाही. चला, लवकर, पाय उचला.

साकोलीत घरदुरुस्तीची एक कंपनी आहे. गळकी छपरं, न्हाणीघरं, फरशी, रंग अशी कामं करते. मालक स्वतः गवंड्याची थापी हातात धरून वर आलेले. त्यांचा रिवाज असा, की दसऱ्याला अवजारांची पूजा झाली की त्यानंतरचं पहिलं काम फुकट करायचं, सामानही आपलंच लावायचं. एका वर्षी त्यांनी अंगणवाडीचं छप्पर केलं होतं. या वर्षीचं काम आमच्या देवळाच्या फरशीचं ठरलं होतं, ते मीच मागे लागून मिळवलं होतं. ही पडल्यावर मी देवीला म्हणालो, तुला नवी फरशी आणून देतोय, आता हिला तिच्या पायांनी तुझ्या दारात आण. प्रवाशाच्या हातात तिकीट दिलं की तो आपल्या गावी उतरणारच, तशा खात्रीने मी हे बोललो होतो.

घट बसले आणि हिने पाणी जवळजवळ सोडलं. सकाळी घोटभर, संध्याकाळी घोटभर. मी विचारलं तर म्हणाली, "उपास हाय माहा." मला भरून आलं. एवढ्या दुखण्यातही बाईची श्रद्धा पाहा, असं मी देवळात चारचौघांना सांगितलं. दसऱ्यापर्यंत हिचे ओठ फुटले, उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. मी तेव्हाही देवीलाच बोल लावला. एवढं कडक व्रत करते आहे आणि तू हिला चार पावलंही चालवत नाहीस, असं म्हणून एका संध्याकाळी मी आरती अर्धवट टाकून घरी आलो.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी कंपनीची माणसं फरशी घेऊन आली. त्यांच्यात सुनंदा नावाची मजूर बाई होती, पन्नाशीची. ती पाणी मागायला आमच्याकडे आली. स्वतः प्यायली आणि एक पेला हिच्यापुढे धरला. हिने ओठ ओले करून तो परत दिला. उपास तर दसऱ्यालाच सुटला होता. मी ओसरीवर देवळाचे कागद चाळत बसलो होतो, आतलं बोलणं मला स्पष्ट ऐकू येत होतं.

"काकू, पानी काहून नाही पिऊन राहिल्या?"

 ही म्हणाली, "पानी पेलं का संडासले जा लागते, बाई. किती वेळा उठवू यायले? उठलं का 'चला, लवकर' सुरू होते यायचं. मले लाज वाटते."

कागद माझ्या हातातच राहिले. लग्नाला चाळीस वर्षं झाली आणि ही तहान मारते आहे हे मला एका परक्या बाईकडून कळलं. ज्याला मी व्रत म्हणून मिरवत होतो, ती माझ्या तोंडाची भीती होती. मला स्वतःची शरम वाटली, आजही वाटते.

सुनंदाने मालकांना सांगितलं. मालक येऊन परस पाहून गेले, मग म्हणाले, या वर्षीचं पहिलं काम इथेच करू. मी घाबरलो. देवीच्या नावाने बोललेली फरशी संडासात लावायची? मी सचिव, गावाला काय सांगू? मी हात जोडून नाही म्हणालो. तेव्हा सुनंदा सरळ म्हणाली, "काकाजी, मातामायले उठून संडासले जा लागत नाही. काकूले लागते."

मी समितीची बैठक बोलावली. समितीपुढे मी सगळं खरं सांगितलं, माझ्या तोंडाचंही. कोणी हरकत घेतली नाही. दोघा-तिघांनी मान खाली घातली, त्यांच्याही घरी म्हाताऱ्या आया आहेत.

हिच्या खोलीला लागून धान ठेवायची खोली होती. तिथेच चार दिवसांत खुर्चीसारखा संडास, भिंतीला धरायचा दांडा आणि बिनउंबऱ्याचं दार झालं. देवळात पाणी सांडतं, म्हातारी माणसं घसरतील, म्हणून मालकांनी मुद्दाम खरबरीत फरशी आणली होती. हिच्या पायांखाली तीच हवी होती. ही देवीचीच योजना होती की योगायोग, यावर मी काही वाद घालत नाही. जे घडलं ते लिहितो आहे.

देवळात अजून जुनीच तडकलेली फरशी आहे. मी तिच्यावरच बसतो आणि हल्ली देवीला काही ठरवून देत नाही. सगळ्यांना मीच जागेवर पोचवतो, हा माझा जुना भ्रम होता. आपण थोडं बाजूला झालो की देवीला आत यायला वाट मिळते, एवढं मला उमगलं.

काम संपलं त्या दिवशी सुनंदा निरोप घ्यायला आली. हिने माझ्याकडे पाहून म्हटलं, "पानी द्या. भरून द्या." पेला रिकामा करून हिने आणखी एक मागितला. थोड्या वेळाने वॉकर धरून ही एकटीच उठली आणि नव्या संडासाकडे निघाली. मी सवयीने पुढे झालो, तर सुनंदाने माझा हात धरून मला थांबवलं. दार लागलं आणि कितीतरी दिवसांनी हिने आतून कडी लावली. मी तिथेच, त्या दारासमोर, हात जोडले.